एक लांब, एक आखूड

ताईने बस चालवायची सोडली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही बाई घरी बसून स्वेटर विणेल. ज्यांना असं वाटलं त्यांनी तिला बस चालवताना कधी पाहिलेलं नसावं.

अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. डेपोत तिला 'हॉर्नताई' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. आईच्या हातात शिवणाचं मशीन आणि डोळ्यांत पाणी, एवढंच होतं. ताईने मोठ्या गाडीचा परवाना काढला, खाकी शर्ट चढवला आणि तेव्हापासून घरातले सगळे निर्णय तीच घेत आली. भावाने काय शिकायचं, आईने कुठला डॉक्टर गाठायचा, पडदे कुठल्या रंगाचे. कुणी तिला हा अधिकार दिला नव्हता, पण कुणी काढूनही घेतला नव्हता.

फक्त घर तिचं नव्हतं. ती आणि आई एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होत्या. त्याआधी दुसरीकडे, त्याआधी तिसरीकडे. प्रत्येक घरमालक चावी देताना भिंतींकडे असा बघायचा, जणू ताई जाताना त्या पिशवीत घालून नेणार होती.

ताईला घर हवंच होतं. पण ते विटांचं आणि स्वतःच्या हातचं हवं, हे खूळ डोक्यात कुठून शिरलं, त्याची गोष्ट गमतीची आहे. तिच्या रस्त्यावर, उताराच्या तोंडाशी एक सिग्नल होता आणि सिग्नलला लागून जुनं पंपघर होतं. पंप कधीच बंद पडले होते, भिंत मात्र ठणठणीत. सिग्नल लाल झाला की ताई भिंतीकडे बघत बसायची. एक वीट लांब, मग एक आखूड, मग लांब, मग आखूड. वरच्या ओळीतही तसंच, पण सरकवून. प्रत्येक आखूड वीट खालच्या लांब विटेच्या बरोबर मधोमध बसलेली. सुरुवातीला तिला ती नुसती नक्षी वाटली. मग वाटलं, नक्षीच करायची तर रंग लावला असता की. एकदा सिग्नल हिरवा झाला तरी ती बघतच राहिली. मागच्या टेम्पोने हॉर्न वाजवला आणि अख्खी बस हसली. हॉर्नताईला कुणीतरी हॉर्न दिला होता!

बऱ्याच वर्षांपूर्वी तिने डेपोमागच्या रस्त्यावर जमिनीचा एक त्रिकोणी तुकडा घेऊन ठेवला होता. त्रिकोणी असल्यामुळे तो कुणालाच नको होता. नोकरी संपल्यावर तिने तिथे घराचा नकाशा काढून घेतला, पाया खोदणाऱ्यांकडून पाया करून घेतला, चौथरा बांधून घेतला आणि जाहीर केलं, "भिंती मी बांधणार."

"कुणाच्या मदतीने?" आईने विचारलं.

"माझ्या."

आईने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मुलगी तीच होती.

* * *

तंत्रशाळेच्या मागच्या अंगणात सुट्टीच्या दिवशी बांधकामाचा वर्ग भरायचा. ज्यांना स्वतःचं घर स्वतः बांधायचं होतं अशी मंडळी तिथे यायची. शिकवणारे मास्तर म्हणजे उभा जन्म गवंडीकामात गेलेला माणूस. पोट पुढे आणि आवाज पोटाच्याही पुढे. "मी बांधलेली भिंत पाडायला आलेली दोन यंत्रं मोडली आहेत," हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगत आणि पुढच्या पाच मिनिटांत यंत्रं तीन होत. ताईला ते बघताक्षणी पटले.

पहिल्या दिवशी मास्तरांनी सिमेंटला हातच लावू दिला नाही. नुसत्या कोरड्या विटा रचायला लावल्या. एकाने विटेवर वीट, विटेवर वीट असे चार उभे खांब शेजारी शेजारी रचले. मास्तरांनी चपलेच्या टोकाने एक ढकलला. तो गेला, बाकीचे तसेच उभे.

"ही चळत झाली. भिंत नाही झाली," मास्तर गरजले. "खालच्या दोन विटांमध्ये जो सांधा आहे, त्याच्यावर वरच्या ओळीचा सांधा येता कामा नये. सांध्यावर वीट बसली पाहिजे. वरचीने खालच्या दोघींचे हात धरले पाहिजेत. मग ढकला कितीही!"

मग त्यांनी जाड भिंतीची वीण दाखवली. भिंतीची जाडी एका विटेच्या लांबीएवढी. लांब वीट भिंतीच्या अंगाने झोपते, तिची लांब कड बाहेर दिसते. अशा दोन विटा पाठीला पाठ लावून झोपतात, पण त्यांना एकमेकींशी बांधणारं कुणी नसतं. ते काम आखूड विटेचं. ती आखूड नसतेच मुळी. तीही तेवढीच लांब वीट, पण भिंतीत आरपार घुसलेली, म्हणून बाहेरून फक्त तिचं डोकं दिसतं.

ताई उभी होती ती खालीच बसली. इतकी वर्षं सिग्नलला बघत होती ती नक्षी नव्हतीच. ती भिंत धरून ठेवण्याची तऱ्हा होती.

"मला हीच भिंत पाहिजे," ती म्हणाली. "एक लांब, एक आखूड."

"सोपी नाही ती," मास्तर म्हणाले. "दुसरी घ्या. एक ओळ सगळी लांब, एक ओळ सगळी आखूड. शिकणाऱ्याला बरी पडते."

"हीच."

मास्तरांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि हातातली थापी तिच्या हातात दिली. वर्ग संपेपर्यंत त्यांनी तिची भिंत तीनदा पाडली. चौथ्यांदा नुसती ओळंब्याची दोरी सोडून भिंत सरळ आहे का ते बघितलं आणि काहीच न बोलता पुढे गेले. मास्तरांच्या दृष्टीने ही टाळ्यांच्या कडकडाटासारखी शाबासकी होती.

* * *

जागेवर काम सुरू झालं. ताई सकाळी विटा पाण्यात भिजवायची, सिमेंट-वाळूचा माल कालवायची, दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणायची आणि ओळ धरायची. आई एका कोपऱ्यात छत्रीखाली खुर्ची टाकून रेडिओ ऐकत बसायची. पहिल्या चार-पाच ओळी उठल्या आणि ताईची छाती फुगली. पण एका गोष्टीने तिच्या नाकी नऊ आणले, ते म्हणजे कोपरे.

लांब-आखूडची वीण कोपऱ्यावर आली की अडते. तिथे सांधे सरकवायला विटेची उभी फाक लागते, म्हणजे वीट लांबीत मधोमध चिरून अर्धी करायची. ताईने छिन्नी धरली, हातोडा हाणला. विटेचे तीन तुकडे. पुन्हा हाणला. पाच तुकडे. दुपारपर्यंत कोपऱ्याशेजारी लाल भुग्याचा ढीग आणि ताईच्या तोंडात अशा काही शिव्या की आईने रेडिओचा आवाज वाढवला.

त्या दिवशी धाकटा भाऊ आईला न्यायला आला होता. त्याचं दोन खुर्च्यांचं केस कापायचं दुकान होतं. हात कात्रीसारखा चाले आणि तोंड हातापेक्षा जोरात, म्हणून सगळे त्याला 'कैची' म्हणायचे. तो ढिगाकडे बघून म्हणाला, "ताई, घर बांधतेस की विटकर दळतेस?"

"तू कर मग!"

त्याने छिन्नी घेतली. वीट मांडीवर ठेवली, बोटांनी चाचपली, कडेने फिरवली. मग छिन्नीने अगदी हलके हलके टकटक करत विटेच्या चारही बाजूंनी एक रेघ काढली.

"तू विटेशी भांडतेस, ताई. आधी तिचा भांग पाडायचा."

रेघ पुरी झाल्यावर त्याने एकच टोला दिला. वीट उभी उकलली. दोन सरळ फाका, कडा साबणाच्या वडीसारख्या. आई छत्रीखालून टाळ्या वाजवायला लागली.

तेव्हापासून धाकटा आपल्या साप्ताहिक सुट्टीला येऊ लागला. तो फाका चिरायचा, ताई रचायची. कामाला चांगली लय आली. धाकटा एकटाच बोलायचा, गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचा, कुणाच्या टकलावर कोणतं तेल चालू आहे त्याचा वृत्तान्त द्यायचा. ताई "हं" म्हणायची. दोघांचंही बरं चाललं होतं.

मग एक दिवस तो म्हणाला, "मीपण लावतो गं वीट. आयुष्यभर कापतोच आहे. जरा जोडू दे की."

ताईने थापी छातीशी धरली. पण नाही म्हणायला कारण सुचेना. तिने त्याला मागची, स्वयंपाकघराची भिंत दिली. मागची, म्हणजे रस्त्यावरून न दिसणारी.

त्याने मोठ्या हौसेने काम धरलं. वीण चुकवली नाही, सांध्यावर सांधा आणला नाही, ओळंब्यातही भिंत ठीक होती. फक्त सांधे कुठे बोटभर, कुठे दीड बोट. एखादी वीट जरा पुढे, एखादी जरा मागे. बोलता बोलता लावलेली भिंत होती ती, आणि बोलण्यासारखीच जरा ऐसपैस. मास्तर एकदा बघायला आले तेव्हा म्हणाले, "पडणार नाही. गिलावा केला की दिसणारही नाही."

पण ताई गिलावा करणार नव्हती. तिला विटा दिसायला हव्या होत्या.

संध्याकाळी धाकटा आईला घेऊन गेला की ती म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे. मी जरा अवजारं धुऊन येते." आणि माल ओला होता तोवर धाकट्याच्या ओळी भराभर उतरवायची, विटा खरडून साफ करायची आणि तिथेच पुन्हा लावायची. एकसारख्या सांध्यांच्या, टाचणीसारख्या सरळ. तिला यात काही वावगं वाटत नव्हतं. धाकटा पहिलीत होता तेव्हा त्याच्या वहीतली अक्षरं तिने अशीच रबराने पुसून पुन्हा काढून दिली होती.

"अवजारं फार मळतात गं हल्ली तुझी," आई एकदा तिच्या नखांकडे बघत म्हणाली. ताईने हात पदराआड नेले असते, पण अंगावर पदर नव्हता, शर्ट होता. तिने ते खिशात घातले.

* * *

विटांच्या थप्पीत धाकट्याला एक मजेची वीट सापडली. कच्ची असताना भट्टीच्या अंगणात तिच्यावरून कुत्र्याचं पिल्लू गेलं असावं. लांब कडेवर छोट्याशा पंजाचा ठसा पक्का भाजलेला होता. चार बोटं आणि तळवा. धाकटा हरखून गेला. त्याने ती स्वयंपाकघराच्या आतल्या अंगाला, आईची नजर जाईल अशा उंचीवर लावली. कुणाला सांगितलं नाही. आईला अचानक दिसावी असा बेत होता.

पुढच्या सुट्टीला तो बायकोला घेऊन आला. ती पहिल्यांदाच जागा बघत होती. "चल, तुला एक गंमत दाखवतो," म्हणत तो तिला आत घेऊन गेला. भिंतीवरून बोट फिरवत इकडून तिकडे गेला. तिकडून इकडे आला. खाली वाकला. मग सावकाश सरळ झाला आणि भिंतीपासून दोन पावलं मागे सरकून सांध्यांकडे बघत राहिला. बोटभर सांधा. बोटभर सांधा. बोटभर सांधा. कुठेही दीड नाही.

पाइपने विटा भिजवत असलेल्या ताईला हे दिसत होतं. पाण्याचा पाइप तिने बंद केला नाही, तो तिच्याच पायावर वाहत राहिला.

धाकटा मागच्या ढिगाकडे गेला. तुकडे चाळले. पंजाची दोन बोटं असलेला अर्धा तुकडा उचलला. काढताना वीट फुटली होती. ताईने तो ठसा बघितलाही नव्हता; ती फक्त सांधे बघत होती.

"माझ्या किती ओळी काढल्यास?" त्याने विचारलं.

ताई म्हणाली, "वाकड्या होत्या त्या."

त्याने कमरेचा एप्रन सोडला, नीट चौकोनी घडी घातली, घडीवर छिन्नी ठेवली आणि बायकोला म्हणाला, "चल." ज्या माणसाचं तोंड झोपेतही चालायचं, तो फाटकापर्यंत एक शब्द न बोलता गेला. त्याची बायको मात्र जाताना वळून म्हणाली, "ताई, आठवडाभर घरी दुसरा विषय नसायचा हो. आज कुठली ओळ लावली, कशी लावली. मी ऐकून ऐकून पाठ केलं होतं."

पुढच्या सुट्टीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ताईने फोन केला तर म्हणाला, "गिऱ्हाईक आहे." सुट्टीच्या दिवशी कसलं गिऱ्हाईक, हे तिने विचारलं नाही.

* * *

भिंती मात्र देखण्या उठत होत्या. फाका चिरताना ताई अजूनही तीन विटा फोडून एक मिळवायची, पण मिळवायची. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. एका बाईने तर फाटकाशी येऊन, "कुठला गवंडी आहे हो तुमचा?" असं विचारलं. ताईने "मीच" म्हणून सांगितलं. ते सांगताना जितकं बरं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही. वळून सांगायला जवळ कुणी नव्हतं. आई होती, पण आई रेडिओ ऐकत होती. की ऐकत असल्यासारखं करत होती.

आता पुढच्या दारावरची कमान आली. ताईला तिथे काँक्रीटची पट्टी नको होती, विटांची कमान हवी होती. मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं, "खाली लाकडी साचा लावायचा, आणि दोन्ही बाजूंनी बरोबरीने चढायचं. डावीकडे एक, उजवीकडे एक. एका अंगाला भार झाला की साचा झुकतो. कमानीला दोन माणसं लागतात. एकट्याने करायचं काम नाही ते."

ताईने मनात म्हटलं, भरलेली बस मी एकटीने उतारावरून आणलीय. ही कमान ती काय!

तिने साचा उभा केला, खाली टेकू दिले, पाचरी ठोकल्या. डावीकडे एक वीट लावून शिडीवरून उतरायचं, शिडी उजवीकडे न्यायची, चढायचं, एक लावायची, उतरायचं. थोड्या वेळाने गुडघे बोलायला लागले. त्यात माल आवळायला लागला. कालवलेला माल वाया जाईल म्हणून तिने डावीकडेच लागोपाठ दोन लावल्या. मग तीन. मग म्हटलं, ही एक लावते आणि उतरते.

कर्र असा आवाज झाला. साचा आधी जरा हलला, मग उजवीकडचा टेकू सटकला. ताईने शिडीवरून मागे उडी टाकली आणि तिच्या डोळ्यांदेखत कमान, साचा, फळ्या सगळं धडाधड खाली आलं. धूळ इतकी उठली की आई दिसेना. रेडिओवर मात्र बातम्या चालूच होत्या.

"लागलं का?" धुळीतून आईचा आवाज आला.

"नाही."

"नीट बघ."

ताईने हातपाय हलवून बघितले. "नाही लागलं."

"मग जा."

"कुठे जाऊ?"

आईने रेडिओ बंद केला. "केस फार वाढलेत तुझे. कापून ये."

* * *

ताईने भावाच्या दुकानात कधी केस कापले नव्हते. केसांचा घट्ट अंबाडा घालायची आणि वाढले की आरशासमोर उभी राहून स्वतःच कापायची. दुसऱ्या कुणाच्या हाती कात्री आणि आपण गप्प, ही कल्पनाच तिला झेपत नव्हती.

ती दुकानात शिरली तेव्हा एक खुर्ची रिकामी होती. तिच्या डोक्यावर, खांद्यावर, भुवयांवर लाल धूळ. भिंतीलगत बसलेले दोघे पेपरच्या कडेवरून बघायला लागले. धाकट्याने आरशातून तिला बघितलं. त्याचा चेहरा हलला नाही. त्याने खुर्ची झटकली, पांढरं कापड तिच्या गळ्याभोवती बांधलं आणि विचारलं, "काय करायचं, मॅडम?"

'मॅडम' हा शब्द ताईच्या वर्मी लागला.

"तुला वाटेल ते," ती म्हणाली.

कात्री हवेत थांबली. "काय म्हणालात?"

"तुला वाटेल तसे काप."

पेपरवाल्यांनी पेपर खाली ठेवले. धाकट्याने अंबाडा सोडला, पाण्याचा फवारा मारला, कंगवा फिरवला. पहिली बट कापली ती चांगली वीतभर. ताईने खुर्चीचे हात घट्ट धरले. आरशात तिला दिसत होतं की डावी बाजू उजवीपेक्षा खाली येतेय. जिभेच्या टोकाशी शब्द आला, 'डावीकडून जरा'. तिने तो गिळला. धाकटा मुद्दाम सावकाश कापत होता. ताईच्या कपाळावर घाम आला.

"कमान पडली," शेवटी ती म्हणाली.

"कळलं. आईचा फोन आला होता."

"एकटीने जमत नाही."

"एकटीने जमण्यासारखं आहे तिथे एकटीने कर ना. मी कुठे अडवलं?" तो 'मॅडम'वरून खाली आला होता, एवढंही तिला पुष्कळ वाटलं.

त्याने मागची एक बट धरून कापली. मग तो म्हणाला, "काढायच्याच होत्या तर मला सांगायचं. मी काढल्या असत्या. तुझ्यादेखत पुन्हा लावल्या असत्या. मी येतो, हौसेने लावतो, घरी जाऊन बायकोला सांगतो आणि तू मागून..." त्याने कात्रीनेच हवेत काहीतरी पुसल्यासारखं केलं.

"सांगितलं तर तू यायचा बंद होशील असं वाटलं."

"मग आता येतोय का?"

दुकानातला पंखा किरकिरत होता. तिने आरशातून त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते. कधी आले ते तिने बघितलंच नव्हतं. तिच्या हिशेबी तो अजून पहिलीतच होता.

"तुझ्या ओळी वाईट नव्हत्या," ती म्हणाली. आवाज दणकट निघेना. "माझ्यासारख्या नव्हत्या, एवढंच. आणि ती पंजाची वीट... मी बघितलीच नाही रे. खरंच बघितली नाही. चुकलं माझं."

पेपरवाल्यांपैकी एकाने घसा खाकरला आणि तो उगीचच छताकडे बघायला लागला.

धाकट्याने तिची मान हलकेच सरळ केली. "हलू नकोस. कान जाईल." मग उजवी बाजू डावीच्या बरोबरीला आणली, मागून बारीक केली, मानेवरचे केस ब्रशने झटकले. "एक अट आहे. मी लावलेली वीट मीच काढणार. तू हात लावायचा नाहीस."

"आणि वाकडी असली तर?"

"तर सांग. तोंड आहे ना? बसच्या शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायचं की!"

ताई हसली. आरशात मान उघडी पडलेली, हलकी झालेली, अनोळखी बाई हसली. ती घरी पोचली तेव्हा आई म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?" आणि मग जवळ घेऊन तिच्या मानेवरून हात फिरवत राहिली.

* * *

कमानीच्या दिवशी मास्तर स्वतः आले. आईशेजारी दुसरी खुर्ची टाकून बसले आणि तिथूनच गरजायला लागले. साचा नवीन, टेकू पक्के, दोन शिड्या. डाव्या शिडीवर धाकटा, उजव्या शिडीवर ताई. धाकट्याची बायको खालून विटा देत होती.

"लाव," धाकटा म्हणायचा.

"लावली," ताई म्हणायची.

"लाव."

"लावली."

विटांचे सांधे साच्याकडे बारीक आणि वरच्या अंगाला जाड ठेवायचे होते, म्हणजे ओळ आपोआप वळत जाते. निम्म्यावर आल्यावर ताईच्या डोळ्यांना खुपायला लागलं. धाकट्याची तिसरी वीट नखभर बाहेर आली होती. तिचा हात शिवशिवला. तिने तो शिडीच्या दांड्याला धरून ठेवला.

"तुझी तिसरी बाहेर आलीय," ती म्हणाली.

धाकट्याने मान वाकडी करून बघितलं. थापीच्या दांड्याने दोन टिचक्या मारल्या. वीट आत गेली. "आता?"

"आता बरी आहे."

दोन विटा आणखी चढल्या. मग धाकटा म्हणाला, "ताई, तुझी चौथी आत गेलीय."

"शक्यच नाही."

"बघ तरी."

तिने बघितलं. पट्टी लावून बघितली. वीट खरंच आत गेली होती. मास्तरांनी नेमक्या त्या वेळी दुसरीकडे बघितलं. आईने मात्र अजिबात दुसरीकडे बघितलं नाही. ताईचा चेहरा विटेइतका लाल झाला. तिने वीट सैल केली, पुढे ओढली, माल भरला. "झालं?" तिने विचारलं.

"झालं," धाकटा म्हणाला, आणि गाणं गुणगुणायला लागला.

शेवटी मधली फट उरली. तिथे बसेल अशी एकच वीट कापायची, वर रुंद, खाली निमुळती. ते काम धाकट्याचं. त्याने चारही बाजूंनी रेघ काढली, फुंकर मारून भुगा उडवला, टोला दिला. पहिली कडेला तुटली. दुसरी जरा सैल. तिसरी त्याने इतक्या सावकाश तासली की मास्तरही गप्प झाले. फटीत सरकवली, ताईने वरून हातोडीच्या लाकडाने ठोकली. ठक. ठक. तिसऱ्या ठोक्याला आवाज बदलला. भरीव, गच्च आवाज. दोघांनी एकदमच एकमेकांकडे बघितलं.

माल पुरता आवळेपर्यंत साचा काढायचा नव्हता. ते दिवस ताईने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. मग मास्तरांनी हुकूम दिल्यावर दोघांनी दोन्हीकडच्या पाचरी थोड्या थोड्या सैल केल्या. साचा बोटभर खाली उतरला. कमान जागच्या जागी. एक कणही पडला नाही. कुणी काही बोलायच्या आत आई खुर्चीतून उठली आणि काठी टेकत कमानीखालून तरातरा आत निघून गेली.

"अहो आई, थांबा! आधी मी बघतो!" मास्तर ओरडले.

"तुम्ही बसा," आतून आवाज आला. "इथे कट्टा कुठे करणार आहात? मला जरा उंच लागेल."

स्वयंपाकघराची मागची भिंत तेवढी अर्धी राहिली होती. ती धाकट्याने पुरी केली, त्याच्या पद्धतीने. खालची अर्धी टाचणीसारखी सरळ आणि वरची ऐसपैस. ताई तिथे ताटं लावताना अजूनही एका विटेपाशी अडखळते, जीभ चावते आणि पुढे जाते. पाहुण्यांना मात्र ती भिंत जास्त आवडते. का ते तिला कळत नाही.

घर झाल्यावर धाकट्याला चटक लागली. गिऱ्हाइकांना बसायला दुकानाबाहेर विटांचा बाक करायचं त्याच्या मनाने घेतलं. वीण तीच, एक लांब, एक आखूड. या वेळी दोरी त्याची, ओळंबा त्याचा, थापी त्याची. ताई विटा भिजवायला आणि घमेलं द्यायला. येणारे-जाणारे थांबत. "काय, हॉर्नताई, हाताखाली का भावाच्या?" डेपोतला एक जुना वाहक हटकून म्हणाला.

"मदतीला," ताई म्हणाली. मग तिचं लक्ष दुसऱ्या ओळीकडे गेलं. "अरे, ती कडेची वीट जरा..."

"दिसलंय मला," धाकटा मान वर न करता म्हणाला. "अजून हात काढलेला नाही मी तिच्यावरचा. दोन अख्ख्या दे."

ताईने बादलीतून दोन विटा काढल्या, पाणी निथळू दिलं आणि त्याच्या हातात ठेवल्या.